गळा एकाचा, शीर दुसऱ्याची

परवा दुपारी टीव्हीवर 'कट्यार काळजात घुसली' लागला होता, तो 2015 वाला पिक्चर, आमच्याकडे तो लागला की चॅनल बदलायची कुणाची टाप नाही. आई मेथी निवडत बसलेली आणि मला नेमका तेव्हाच ऑफिसमधून फोन, म्हणून मी टीव्ही म्यूट केला. आईने असा काही लुक दिला की विचारू नका. पण फोनवर हो-हो करताना माझं लक्ष स्क्रीनवरच होतं. सचिन पिळगावकरांचे खाँसाहेब, आवाज शून्य, आणि तरी ते गातच होते! ओठ सोडा, तानेच्या आधी छाती भरत होती, मानेची शीर ताठ होत होती. आता गळा राहुल देशपांडेचा आणि शीर सचिनची, म्हणजे एकाच माणसाचा माज आणि संताप दोघांनी वाटून घेतलेला, तोही वेगवेगळ्या दिवशी, कारण गाणं आधी रेकॉर्ड होतं आणि शूटिंगला ते नुसतं वाजवतात.

तेव्हापासून मला नादच लागलाय. गाणं लागलं की म्यूट करायचं आणि ओठांकडे न बघता गळ्याकडे बघायचं. करून बघा एकदा. कितीतरी हिरो-हिरॉइनी ओळीच्या आधी श्वासच घेत नाहीत, डायरेक्ट ओठ हलवायला लागतात, आणि मग आपल्याला नीट सांगता येत नाही पण काहीतरी खोटं खोटं वाटत राहतं. त्यात लताबाईंचं गाणं असेल तर अजून पंचाईत. माइकसमोर श्वास कुठे आणि कसा घ्यायचा म्हणजे तो ऐकू जाणार नाही, हे संगीतकार अनिल विश्वासांनी शिकवलं असं त्या सांगायच्या. म्हणजे गाणारीने जो श्वास मेहनतीने लपवलाय तोच पडद्यावरच्या बाईने शोधून काढून दाखवायचा!

ऑपेरावाल्यांना ही वाटणीची सोय नाही. माइक नाही, समोर अख्खा ऑर्केस्ट्रा, आणि त्याच्यावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचाय. 1892 च्या 'पाल्याची' नावाच्या इटालियन ऑपेरात तो विदूषक आहे ना, बायको फसवतेय हे आत्ताच कळलंय आणि तोंडाला पीठ फासून लोकांना हसवायला जायचंय, तिथे टेनर लोक, म्हणजे उंच पट्टीत गाणारे पुरुष, हुंदका देतात, अगदी त्यांच्यातल्या त्या नावाजलेल्या करूसोच्या जमान्यापासून. मला आधी वाटायचं काय बुडून गातोय हा माणूस. मग चार-पाच जणांचं ऐकल्यावर लक्षात आलं की हुंदका बहुतेक सुरांच्या फटीत येतो, सुरावर नाही. येणार कसा? खरं रडू आलं की आवंढा येतो, गळा आवळतो, आणि वरचा सूर गेलाच. नाट्यशास्त्रवाल्या भरतमुनींनी स्वरभंगाला, म्हणजे आवाज फुटण्याला, अश्रूंच्या बरोबरीने आठ सात्त्विक भावांत, म्हणजे आतून अंगावर उमटणाऱ्या भावांत, बसवलंय खरं, पण गाणाऱ्या नटाला तो परवडत नाही, किंवा परवडतो तो मोजून मापून, ठरलेल्या जागी.

म्हणून मला बालगंधर्वांची ती गोष्ट आठवली की कसंतरीच होतं. 12 मार्च 1911, 'मानापमान'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी पोटची मुलगी गेलेली, आणि हे नाटकाची नायिका भामिनी म्हणून उभे राहिले. सगळे निष्ठा निष्ठा म्हणतात, आहेच निष्ठा, पण मला प्रश्न पडतो की त्या दिवशी आवंढा ठेवला कुठे असेल? 'एकच प्याला'तली दारुड्याची सोसणारी बायको सिंधू असती तर एखादा कापरा सूर खपूनही गेला असता, लोक म्हणाले असते काय अभिनय! पण भामिनी म्हणजे तोऱ्यातली श्रीमंत पोरगी, तिच्या पदांत दुःख लपवायला कोपरा तरी कुठला.

आमचं आपलं बघा. गेल्या महिन्यात मावशीच्या साठीला व्हॉइस नोट पाठवायची म्हणून मी आजीचं आवडतं भावगीत म्हणायला घेतलं. दुसऱ्या कडव्याला आजी आठवली आणि गळा भरून आला, एकदम खराखुरा, तरी तसंच म्हटलं पूर्ण आणि डोळे पुसत सेंड केली, म्हटलं आता मावशी पण रडणार. पाच मिनिटांत रिप्लाय आला, "छान गं. सर्दी झालीय का? रात्री हळद-दूध घे."

घेतलं मी.