गुडघा इश्यू झाला आहे

पुतणी सांगलीत फिजिओथेरपी शिकते आणि विश्रामबागला आमच्याकडेच राहते. तिच्या कॉलेजच्या लायब्ररीतून पुस्तकांसारखीच शरीराची मॉडेल्सही घरी नेता येतात. कार्डावर शिक्का, परतीची तारीख, उशीर झाला तर दंड, सगळं कादंबरी नेल्यासारखंच. फक्त काउंटरवरचं बोलणं नवख्या माणसानं ऐकू नये. "मणका कुणाकडंय?" "सेकंड इयरची नेलीय, सोमवारी देती म्हणाली." "हृदयाचं पुढचं झाकण कुठाय?" परत आलेल्या कवटीचा जबडा उघडमीट करून स्प्रिंग शाबूत आहे ना, ते बघतात. मी तिला घ्यायला गेले होते, तर रांगेतली एक मुलगी अगदी निवांत म्हणाली, "सर, फुफ्फुस रिन्यू करायचं होतं."

आमचे एक चुलत सासरे सत्तरच्या दशकात मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजात होते. त्यांच्या वेळी प्लॅस्टिक नव्हतं. सीनियरकडून खऱ्या हाडांचा 'हाफ सेट' विकत घ्यायचा आणि पुढं ज्युनियरला विकायचा. त्यांनी तो खाटेखालच्या ट्रंकेत ठेवला होता आणि घरमालकीणबाईंना 'जड पुस्तकं' म्हणून सांगितलं होतं. हाडांवर आधीच्या मालकांनी केलेल्या लाल-निळ्या खुणा होत्या. स्नायू जिथून निघतो तिथं लाल, जिथं जाऊन चिकटतो तिथं निळी. त्या काळी परदेशी कॉलेजांतले कितीतरी सांगाडेही कोलकात्याहून गेलेले असत. 1985 साली सरकारनं ही निर्यात बंद केली. खऱ्या हाडावरचा खडबडीतपणा प्लॅस्टिकला येत नाही, अशी पुतणीच्या सरांची तक्रार असते. असेल. पण जेवणाच्या टेबलावर डाळीच्या पातेल्याशेजारी ठेवायचं झालं तर मला प्लॅस्टिकच बरं.

तर यावेळी गुडघा आला. मांडीच्या हाडाचं खालचं टोक, नडगीच्या हाडाचं वरचं, बाजूला बारकं फिब्युला, समोर वाटी, आणि हे सगळं बांधून ठेवणारे रबरी पट्टे. पुस्तक घरी आलं की वाचणारा एकटाच असतो. गुडघा मात्र संध्याकाळपर्यंत अख्ख्या सोसायटीनं वाचला.

सुरुवात सासूबाईंनी केली. "माझी वाटी झिजलीय, ती दाखव." पुतणीनं वाटी बाजूला केली. "आज्जी, वाटी जागेवर असती. हाडांच्या टोकांवर हा गुळगुळीत थर असतो ना, कूर्चा, तो झिजतो." सासूबाईंना हे पटलं नाही. इतकी वर्षं वाटीला दोष दिला, आता एकाएकी तिला निर्दोष कसं सोडायचं? वर पुतणीनं सांगितलं की जन्मतः ही वाटी हाडाची नसतेच, कूर्चेची असते. साधारण तीन ते सहा वर्षांच्या वयात तिचं हाड व्हायला लागतं. "म्हणून रांगताना पोरांना लागत नसंल," असा निष्कर्ष सासूबाईंनी परस्पर काढून टाकला.

मग शेजारच्या वहिनी आल्या, त्यांना आतली गादी बघायची होती. समोरचे निवृत्त मास्तर आले. त्यांचा लिगामेंट शाळेच्या कबड्डीत तुटला होता, तो त्यांनी स्वतः शोधून काढला आणि एखाद्या जुन्या विद्यार्थ्याकडं बघावं तसं त्याच्याकडं बघत बसले. गंमत म्हणजे त्या मॉडेलमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. तरी प्रत्येकाला त्यात नेमकं आपलंच दुखणं सापडत होतं. पुतणीला उद्याच्या व्हायवासाठी एवढंच घोकायचं होतं की हाड हातात दिलं तर ते डाव्या बाजूचं की उजव्या. परीक्षक पहिल्यांदा तेच विचारतात. पण तिच्या हातात गुडघा येईल तर शपथ.

परतीच्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "राहू दे की अजून चार दिवस. मंगळवारी भजनी मंडळाच्या बायका यायच्यात."

"आज्जी, गुडघ्याला नंबर लागलेत. पुढच्या महिन्याशिवाय मिळायचा नाही. खांदा तेवढा मोकळा आहे."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि वरच्या मजल्यावरच्या भाऊंना निरोप धाडला. त्यांचा उजवा हात पावसाळ्यापासून वर जात नाही.