बेर्टाबाईंचा पेट्रोल पंप

ऑफिसच्या कामासाठी तीन महिने जर्मनीत, वॉलडॉर्फला आहे. इथला रविवार म्हणजे कडकडीत बंद. कपडे वाळत घातले की माणूस रिकामा. म्हणून सायकल काढली आणि शेजारच्या वीसलॉखला गेलो, जगातला पहिला पेट्रोल पंप बघायला.

पंप कसला, जुनं औषधाचं दुकान! तेही बंदच. काचेला नाक लावून आत डोकावलो.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेन्झ इथे थांबल्या होत्या. त्यांचे यजमान कार्ल बेन्झ यांनी आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला १८८६ मध्ये, पण गिऱ्हाईक काही फिरकेना. शेवटी बाईंनी नवऱ्याला न सांगता पहाटे तीनचाकी बाहेर काढली, ऑयगेन आणि रिशार्ड या पोरांना बरोबर घेतलं आणि मानहाइमहून माहेरी, फोर्ट्सहाइमला निघाल्या. शंभराहून जास्त किलोमीटर! गाडीला वेगळी टाकी नव्हती, कार्ब्युरेटरमध्ये मावेल तेवढंच इंधन, साडेचार लिटर. मग या दुकानातून लिग्रोइन, म्हणजे पेट्रोलसारखंच एक द्रव, घेतलं. एरवी ते कपड्यांवरचे डाग काढायला विकलं जायचं.

वाटेत इंधनाच्या नळीत कचरा अडकला. आमच्या बाबांच्या स्कूटरला हे झालं की आईच्या अंबाड्यातला आकडा मागितला जायचा. बेर्टाबाईंनी टोपीची पिन उपसली. इग्निशनच्या वायरीला मोज्याचा बंद गुंडाळला. चेन ब्रुख्झालच्या लोहाराकडून नीट करून घेतली. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा बाउश्लॉटच्या चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. आपले मेकॅनिक ज्याला ब्रेक लायनर म्हणतात, ते हेच. चढावर मात्र पोरांनी धक्का मारला. ती तक्रार ऐकून कार्लसाहेबांनी पुढे चढासाठी आणखी एक गिअर बसवला. संशोधक नवरा आणि टेस्ट ड्रायव्हर बायको, पण पेटंटवर नाव एकाचंच. असो.

दुपारी ट्रेनने लाडेनबुर्गला गेलो. बेन्झ यांच्या जुन्या कारखान्यात आता संग्रहालय आहे. तिथली तीनचाकी जवळून पाहिली. स्टिअरिंगच्या जागी नुसता दांडा. मागे भलंमोठं आडवं चाक, ते हाताने फिरवायचं तेव्हा इंजिन धरणार. लांब झग्यात हे सगळं!

आईला फोटो पाठवले. तिचा लगेच मेसेज: "माहेरी पोचल्यावर आधी चहा मिळाला का तिला?"

संध्याकाळी पोचल्याची तार नवऱ्याला केली, एवढं मी कळवलं.