पेरादेनियात मान दुखेपर्यंत माड

श्रीलंकेत कँडीला गेलो तर पेरादेनियाची वनस्पती बाग बघायचीच असं ठरलेलं, मग बायको ऑर्किडकडे आणि मी माडांकडे. मोबाईलमधलं ॲप सगळ्यांनाच नुसतं पाम म्हणत होतं, शेवटी पानांवरून ओळखायला लागलो. माशाच्या शेपटीसारखी पानं म्हणजे भेरली माड, तो आपल्या कोकणातलाच, त्याला कसला भाव द्यायचा! पण दर्याचा नारळ... मूळचा सेशेल्स बेटांवरचा, नर-मादी झाडं वेगळी, फळ पिकायला ६-७ वर्षं. आजी सहाणेवर ज्याचा काळपट तुकडा उगाळायची तो हाच, हे तिथे मान वर करून उभं असताना लक्षात आलं. फळ २० किलोच्या वर जातं म्हणे, म्हणून हळूच बाजूला सरकलो. तालीपॉट नावाचा माड आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो, मला नुसती पानंच दिसली, पण एकेका पानाखाली अख्खं कुटुंब मावेल.