कवट्या महाकाळ दीड फुटाने खुजा झाला

दर महिन्याच्या 20 तारखेला रात्री माझं डोकं कामातून गेलेलं असतं. जीएसटीचं थ्री-बी हे महिन्याचं विवरणपत्र भरायची शेवटची तारीख. आमचे व्यापारी 18 पर्यंत फोन उचलत नाहीत आणि 20 ला दुपारी बिलांची पिशवी आणून टेबलावर ओततात, वर विचारतात, "मॅडम, आज होऊन जाईल न्हवं?" पोर्टल गोल गोल फिरत राहतं. अशा दिवशी घरी आल्यावर मला ज्यात कशाचाच ताळा लागत नाही असं काहीतरी बघायचं असतं. गंभीर सिनेमा नको, मालिका नको, बातम्या तर नकोतच.

या महिन्यात 'धडाकेबाज' लावला. शेजारी भाचा बसला होता, वय वर्षं 14, सुट्टीला आलेला. त्याला आधीच सांगून ठेवलं, की यात कवटीचा मुखवटा घातलेला कवट्या महाकाळ नावाचा खलनायक आहे, बाटलीत राहणारा एक माणूस आहे आणि यातल्या कशाचंही स्पष्टीकरण मागायचं नाही.

"मावशी, हे क्रिंज असणार."

असणारच होतं. पण मी हा सिनेमा पहिल्यांदा कसा पाहिला ते त्याला माहीत नव्हतं.

तेव्हा मी चौथीत. सांगलीत आमच्या बोळात गणपतीत मंडळ पडद्यावरचे सिनेमे आणायचं. विजेच्या खांबापासून समोरच्या वाड्याच्या सज्जापर्यंत पांढरा पडदा ताणायचे, खाली पोती अंथरायची. उशिरा येणारे पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचे, त्यांना सगळी नावं उलटी दिसायची आणि हिरो डावखुरा. मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की अंधारात पाच मिनिटं दंगा, मग पुन्हा घरघर.

'धडाकेबाज' 1990 चा. महेश कोठारेंचा. मराठीतला पहिला सिनेमास्कोप म्हणून त्याची जाहिरात आमच्या बोळापर्यंत पोचली होती, स्कोप म्हणजे काय ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. हिंदीत 'कागज के फूल' 1959 मध्येच स्कोपमध्ये आला होता. मराठीला आणखी 31 वर्षं लागली. या पद्धतीत चित्रीकरण करताना चित्र आडवं दाबून फिल्मवर घेतात आणि दाखवताना मशीनला खास लेन्स लावून ते पुन्हा रुंद करतात. आमचा मशीनवाला नेमकी ती लेन्स मिरजेला विसरून आला होता.

त्यामुळे आमच्या बोळाने अख्खा 'धडाकेबाज' दाबलेलाच पाहिला. सगळी माणसं शेवग्याच्या शेंगांसारखी. महेश कोठारे बारीक, दीपक शिर्केंसारखा आडवा गडीसुद्धा बारीक, घोडे जिराफासारखे. मोठी माणसं "अरे मशीन बघ की" म्हणून थोडा वेळ ओरडली, मग गप्प झाली, कारण गोष्ट सुरू झाली होती. आणि कवट्या महाकाळ! काळ्या कपड्यातला, लांबट कवटीचा, नुसता ताडमाड. मी त्या रात्री आईच्या पदरात तोंड घालून झोपले. पुढे कितीतरी वर्षं माझ्या लेखी कवट्या महाकाळ आठ फुटी होता.

तो तसा नाही हे मला पुढे केबलवर कळलं. चित्र नीट रुंद, आणि त्यात एक मध्यम उंचीचा, जरा भरलेला माणूस मुखवटा लावून गडगडाटी हसतोय. दीड फूट तरी कमी झाला असेल. माझा इतका विरस दुसऱ्या कुठल्या सिनेमाने केला नाही.

आता वीस तारखेची रात्र. भाच्याने पहिल्या वीस मिनिटांत यादीच काढली. ठोसा लागायच्या आधी आवाज येतो. गुंड एकेक करून रांगेने मार खायला येतात, जणू टोकन घेतलंय. महेशचं "डॅम इट" किती वेळा, ते तो बोटांवर मोजत होता, मग बोटं संपली. बायकांच्या वाट्याला सिनेमाने फार काही ठेवलेलं नाही, हे मी माझ्या वतीने यादीत घातलं. मग त्याने खरा प्रश्न विचारला. बाटलीत जादूचा गंगाराम असताना बाकीच्यांनी मारामारी करायचीच कशाला?

"मग सिनेमा अर्ध्या तासात संपेल की," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. ऑडिटमध्ये मला असलं उत्तर चाललं नसतं. इथे चाललं.

पण गंगाराम आला आणि पोरगं गप्प झालं. लक्ष्मीकांत बेर्डे इथे दोनदा आहेत, एकदा घाबरट लक्ष्या म्हणून आणि एकदा बाटलीतला बोटभर गंगाराम म्हणून. तेव्हा आपल्याकडे संगणकावर असलं काही करायची सोय नव्हती. एकाच माणसाला एका चौकटीत दोनदा दाखवायचं तर फिल्मचा अर्धा भाग झाकून एकदा, उरलेला झाकून पुन्हा एकदा, असं चित्रित करत. नट समोर कुणीही नसताना नेमक्या ठिकाणी बघून बोलायचा. भाचा मोबाइलवर असले व्हिडिओ जोडत बसतो, त्यामुळे हे ऐकून त्याने सिनेमा थांबवला, मागे नेला, टीव्हीला नाक लावून जोड शोधला. "नजर बरोबर आहे गं," म्हणाला. त्याच्याकडून ही मोठीच पावती.

मला मात्र दरवेळी लक्ष्याचं घाबरणं बघायचं असतं. आवंढा गिळून, आवाज वर नेऊन, अर्धं वाक्य घशात ठेवून तो जे घाबरतो ना, ते इतकं मनापासून असतं की समोरचा मुखवटा जत्रेतला आहे हे आपण विसरतो. कवट्याला जी काही दहशत आहे ती त्याला लक्ष्यानेच उसनी दिलेली. बोळात आम्ही घाबरलो ते त्याच्या चेहऱ्याकडे बघून. हा माणूस 16 डिसेंबर 2004 ला गेला, जेमतेम पन्नाशीत. मी तेव्हा नोकरीला नवी होते. दुपारी ऑफिसात बातमी आली, आणि आमचे कधीही न हसणारे हेडक्लार्क त्याच्या एका विनोदाची नक्कल करायला गेले आणि मध्येच थांबले.

शेवटी 'ही दोस्ती तुटायची नाय' आम्ही पुन्हा मागे जाऊन लावलं. आई पण हात पुसत येऊन बसली. गाणं संपेस्तोवर कुणी काही चुका काढल्या नाहीत.

मग मी भाच्याला त्या विसरलेल्या लेन्सची गोष्ट सांगितली. तो हसला नाही. रिमोट उचलला, सेटिंगमध्ये गेला, चित्राच्या आकाराचे पर्याय एकेक दाबत राहिला. तिसऱ्या का चौथ्या पर्यायाला दोन्ही बाजूंनी काळे पट्टे आले आणि मधली सगळी माणसं आत दबली. त्याने सिनेमा मागे नेऊन कवट्या महाकाळावर थांबवला.

ताडमाड, लांबट कवटीचा. आठ फुटी.

"असा होता?"

"अस्साच."

आई चष्मा शोधत म्हणाली, "त्या मशीनवाल्याला बोलावलं होतंस का काय परत?"