सगळ्यांना ठाऊक असलेली चाल

ॲन आर्बर हे मिशिगन विद्यापीठाचं गाव. वस्ती सव्वा लाखाच्या घरात आणि कॉलेजच्या फुटबॉल स्टेडियमची क्षमता १,०७,६०१. (फुटबॉल म्हणजे अमेरिकन, अंड्यासारख्या चेंडूचा.) सामन्याच्या शनिवारी स्टेडियमजवळचे लोक आपल्या अंगणात गाड्या लावायला देतात. शेजारचे निवृत्त गृहस्थ सकाळीच पुठ्ठ्यावर भाव लिहून रस्त्यावर उभे. शेजारच्या ओहायो राज्याची, म्हणजे कट्टर प्रतिस्पर्ध्यांची, नंबरप्लेट दिसली की भाव वाढतो. ते गंमत करतात असं मी आधी समजत होते.

२०२३ चा हंगाम मात्र गंमतीच्या पलीकडचा होता. संघ एकामागून एक सामने जिंकत होता, आणि ऑक्टोबरात आरोप झाला की संघाचा एक कर्मचारी तिकिटं काढून माणसं प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना पाठवतो आणि कोचचे हातवारे मोबाइलवर टिपून घेतो. मैदानाबाहेरून केलेले इशारे ओळखले तर पुढची चाल आधीच कळते. सामना चालू असताना ते ओळखायला मनाई नाही. त्यासाठी आधी माणसं पाठवायला आहे.

१० नोव्हेंबरला संघ पेनसिल्व्हेनियात पोहोचला आणि तिथेच कळलं, कोच जिम हारबॉ उरलेल्या तिन्ही साखळी सामन्यांसाठी निलंबित. दुसऱ्या दिवशी पेन स्टेट विद्यापीठाच्या संघाशी गाठ, तीही त्यांच्या घरच्या मैदानावर. धुरा आली सहायक शेरॉन मूरकडे.

पेन स्टेटचे बचावपटू क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूवर, झडप घालण्यात तरबेज. मूरनी मग चेंडू फेकणंच सोडून दिलं. सलग ३२ चाली, सगळ्या पळण्याच्या! उत्तरार्धात नोंदीत एकही पास नाही. चेंडू घेऊन पळणाऱ्या ब्लेक कोरमच्या हातात तो द्यायचा आणि समोरच्या भिंतीत घुसायचं. कबड्डीत एकाच कोपऱ्यावर पुन्हा पुन्हा चढाई करावी तसं. चार, तीन, सहा यार्ड. दिसायला कंटाळवाणं, पण मला तरी हंगामातला सगळ्यात भारी सामना तोच वाटला. पुढची चाल कोणती, हे स्टेडियममधल्या लाखभर लोकांना माहीत होतं आणि तरी कोणाला ती थांबवता येईना. २४-१५. इशारेचोरीच्या आरोपाला याहून सणसणीत उत्तर काय असणार? संपल्यावर मूर कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडले.

दोन आठवड्यांनी ओहायो स्टेट, घरच्या मैदानावर. आमच्या झॅक झिंटरचा पाय मोडला, त्याला गाडीवरून नेलं, आणि लगेच पुढच्याच चालीत कोरम २२ यार्ड पळून टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेणं) करून आला. बोटांनी दाखवला झिंटरचा नंबर, ६५. सामना ३०-२४ असा जिंकला. नववर्षदिनी अलाबामाला जादा वेळेत हरवलं आणि ८ जानेवारीला ह्यूस्टनमध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यात वॉशिंग्टनला ३४-१३. पंधरापैकी पंधरा. याआधीचं जेतेपद १९९७ चं, तेही नेब्रास्काबरोबर वाटून घेतलेलं.

महिनाही संपला नाही तोवर हारबॉ लॉस एंजेलिसच्या व्यावसायिक संघाकडे निघून गेले. गावातल्या चाहत्यांच्या लेखी सगळी चौकशी म्हणजे जळफळाट. मला ते पटत नाही; नियम मोडला असेल तर दंड बसायलाच हवा. शेजाऱ्यांना हे एकदा बोलून दाखवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही ओहायोच्या का?"