दाराला लोकरीचं तोरण

आज सुट्टी होती, म्हणून सकाळीच क्रॉफर्ड मार्केटजवळच्या गल्ल्यांत जाऊन लोकरीचे गुंडे आणले. केशरी, हळदी पिवळा, राणी आणि थोडा पोपटी. दुपारी आई आणि मी गॅलरीत चटई टाकून बसलो.

गोंडा करताना आईचा हात बघत राहावा. चार बोटांभोवती लोकरीचे ८० वेढे, ते अलगद काढून मधोमध दुहेरी दोऱ्याने गच्च आवळायचे, दोन्हीकडचे वेढे कापायचे आणि मग कात्रीने चहूबाजूंनी गोल करत आणायचं. मी ५० वेढ्यांवर थांबले तर म्हणाली, "अगं, झेंडू कधी असा विरळ बघितलायस का?" घेतले आणखी ३०.

दार ३ फुटांचं. तोरण ताणून बांधलं की रुक्ष दिसतं, म्हणून दोरा साडेतीन फूट घेतला. मधे हलका झोल, दोन्ही टोकांना लांब लडी, आणि गोंड्यांच्या मधे हिरव्या फेल्टची आंब्याची पानं. बस, दार हसायला लागलं!

दसऱ्याला दादरच्या फुलबाजारातला झेंडू हवाच, तो वास लोकरीला कुठून येणार? पण आपल्या दमट हवेत तो दोन दिवसांत काळवंडतो, आणि दार सुनं होतं तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. आता तसं होणार नाही. पावसाळ्यात तेवढं उतरवून ठेवायचं, नाहीतर लोकरीला कुबट वास धरतो.

संध्याकाळी शेजारच्या काकू तोरणाला हात लावून बघत दारातच थांबल्या. आईने त्यांना आत बोलावून चटईवर बसवलं. त्यांना गुलाबी-पांढरं हवंय.