शहापूरचं घर आवरताना

वळवाच्या आधी माळा रिकामा झाला पाहिजे, हे मी होळीनंतरच घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. बेळगावात एप्रिल सरत आला की दुपारभर तापतं आणि चारनंतर ढग जमून गारांसकट कोसळतं. कौलं जरा सरकलेली असली तर पहिलं पाणी माळ्यावरच्या ट्रंकांवरच येतं. भिजलेलं सामान निवडता येत नाही, ते टाकावंच लागतं. जूनच्या आत घर बदलायचं असेल त्यांनी आवराआवर शिमग्यातच काढावी आणि सुरुवात माळ्यापासून करावी. स्वयंपाकघर शेवटी.

आम्ही बेळगावच्या शहापुरातलं वडिलोपार्जित कौलारू घर सोडून अनगोळकडे भाग्यनगरात जातोय. अंतर काहीच नाही, रिक्षाने जाता येतं. त्यामुळे जो तो म्हणतो, "सगळं न्या की, तिथं गेल्यावर बघा." मला हे अजिबात पटत नाही. नेलेलं सामान तिथेही खोक्यातच राहतं. नव्या घराला माळा नाही, परडं नाही, फडताळं नाहीत. जे आहे ते भिंतीतल्या कपाटांत बसलं पाहिजे.

वर्षभर वापरलं नाही ते काढून टाका, हा सल्ला सगळीकडे मिळतो. आमच्यासारख्या घराला तो लागू पडत नाही. गौरीचे मुखवटे वर्षातून एकदाच बाहेर येतात. मोठं पातेलं घरात कार्य निघालं तरच चुलीवर चढतं. ती काय काढायची? मी दुसराच प्रश्न विचारायला लागले: ही वस्तू घरात कोणत्या कामासाठी आली आणि ते काम नव्या घरात आहे का? या एका प्रश्नावर निम्म्याहून जास्त सामानाचा निकाल लागला.

सगळ्यात जास्त वस्तू निघाल्या त्या पाण्याच्या. तांब्याचा हंडा, पितळी घागरी, कळशा, बंब, घंगाळ, प्लास्टिकचे बॅरल, बादल्यांवर बादल्या. बाहेरच्या माणसाला वाटेल यांना भांड्यांची फार हौस. तसं नाही. शहराला राकसकोपचं पाणी येतं, पुढे हिडकलचंही आलं, पण आमच्या गल्लीत नळ रोज कधी आलाच नाही. चार दिवस, पाच दिवस, उन्हाळ्यात त्याहून जास्त. 2008 च्या सुमारास शहरातल्या दहा वॉर्डांत चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली. त्या वॉर्डांतल्या मैत्रिणींनी बॅरल विकले, आम्ही आणखी दोन घेतले. ज्या घरात पाणी साठवायचं असतं तिथे फुटकी बादलीसुद्धा कुणी टाकत नाही, तिच्यात निदान भांडी घासायचं पाणी राहतं.

नव्या घराला जमिनीखाली पाण्याचा हौद (संप) आहे, वर टाकी आहे, बोअर आहे. म्हणजे हे सगळं जायला हरकत नाही, असा माझा हिशेब. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, तो एका वाक्यात मोडला. "करंट गेला की तुझी मोटर बंद. मग वर पाणी कोण चढवणार?" खरंच आहे ते. पावसाळ्यात झाड पडून वीज जाणं आपल्याकडे काही नवं नाही. म्हणून तांब्याचा हंडा, दोन कळशा आणि झाकणाचा एक बॅरल येतोय, बाकीचं निघालं. बंबही निघाला. गॅलरीत धूर करता येत नाही आणि तिथे लाकडं तरी कुठे ठेवायची?

पितळ मोडीत घालणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगते, कारण इथे बायका फसतात. तांबं, पितळ आणि जर्मन (अॅल्युमिनियम) घरातच वेगळं करा. सगळं एका पोत्यात गेलं की भाव हलक्या धातूचा लागतो. आणि बंबाची लोखंडी जाळी, घागरीचं लोखंडी कडं असलं तर ते आधी काढून ठेवा, नाहीतर दुकानदार त्यापोटी अंदाजाने घट धरतो आणि तो अंदाज कधी आपल्या बाजूने नसतो. ताणकाट्यावर वजन करून चिठ्ठी लावून न्यावं. जुनं पितळ जाड असतं, आजच्या घागरी हाताने दबतात. तेव्हा जे वापरणार ते मोडू नका. मात्र कल्हई होत नसेल तर पितळी पातेली स्वयंपाकासाठी ठेवण्यात अर्थ नाही, त्यात आंबट कळकतं. पूर्वी कल्हईवाला भाता घेऊन गल्लीतच बसायचा, नवसागराचा वास घरात यायचा. आता त्याला शोधत फिरावं लागतं.

पाण्यानंतर तांदूळ. सुगी झाली की येळ्ळूरकडचा बासमती वर्षाचा एकदम घ्यायचा, वाळवायचा आणि कणगीत भरायचा, ही आमच्याकडची रीत. नव्या तांदळाचा भात चिकट होतो म्हणून आदल्या वर्षीचा आधी संपवायचा. त्यासाठी दोन कणग्या, सुपं, रोवळ्या, चाळण्या, पोत्यांचा ढीग. आता घरात चार माणसं आणि एकाला साखर. महिन्याचा तांदूळ डब्यात मावतो. कणग्या तळाशी किडल्या होत्या, त्या परड्यातच मोडल्या. एक सूप ठेवलं, कारण निवडायचं काम संपलेलं नाही. वाटायचा दगडी रगडा कुणालाच उचलवेना. तो शेजारच्या अक्कांनी मागून घेतला. त्यांच्या परड्यात नेऊन ठेवला तोही गडी लावून.

कपड्यांवर मी वेळ घालवला नाही. वापरण्याजोगे धुऊन, घडी करून दिले. मऊ लुगडी वाकळांसाठी बाजूला ठेवली. डबड्या टीव्हीबद्दल मात्र सांगते: त्याच्या काचेत शिसं असतं, तो भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. जुन्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, त्याही तिकडेच.

खरा वेळ गेला कागदांत. सासऱ्यांची लोखंडी ट्रंक उघडली तर आपल्या भागाचा सगळा इतिहास एकावर एक रचलेला. तळाला मोडी लिपीतले कागद. शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होतं, बेळगाव शहर इंग्रजांच्या मुलखात, त्या काळातले ते. त्यावर मुंबई राज्यातले मराठी कागद. 1956 नंतरचे कन्नड. घरपट्टीच्या पावत्या, विजेची आधी केईबीची बिलं, मग हेस्कॉमची. मोडी घरात कुणालाच वाचता येत नाही. आत्यांना मराठी येतं, कन्नड वाचता येत नाही. माझी लेक कन्नड भराभर वाचते. एका घराचे कागद समजून घ्यायला आम्हा दोघी-तिघींना शेजारी बसावं लागलं, ते मला फार आवडलं.

कागद निवडताना माझा प्रश्न तसाच ठेवला, फक्त उत्तर सावकाश दिलं. विजेची जुनी बिलं, बंद झालेल्या सोसायटीची पासबुकं, लग्नपत्रिका रद्दीत. खरेदीखत, सीटीएस म्हणजे सिटी सर्व्हेचा उतारा, ईसी म्हणजे मिळकतीवरच्या बोजाचा दाखला, घरपट्टी यांतलं काहीच टाकायचं नाही, कितीही जुनं असो. शाळा सोडल्याचे दाखले तर आजेसासऱ्यांचेसुद्धा ठेवा. जातीच्या दाखल्यासाठी नातवंडांना उद्या तोच पुरावा लागतो. मोडी कागद कुणी "वाचता येत नाहीत, द्या रद्दीत" म्हणालं तर ऐकू नका. मोडी वाचणारे अजून आहेत. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडी शिकवतं, कोल्हापुरातही जाणकार सापडतात. वाचून होईपर्यंत ते कागद सुती कापडात बांधावेत. प्लास्टिकच्या पिशवीत आपल्याकडच्या पावसाळ्यात घाम धरतो.

त्याच ट्रंकेत आजेसासऱ्यांचा एक कापडी बिल्ला निघाला, 1946 च्या बेळगावच्या साहित्य संमेलनाचा. माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी तिथे ठरावातून पुढे आली. आजेसासरे मंडपात पाणी वाटायला होते, एवढंच आत्यांना ठाऊक. या बिल्ल्याला नव्या घरात काही काम नाही. तो येतोय.

मागाचं सामानही तसंच. या घरात खड्डामाग होता, शहापुरी लुगडी विणली जायची. पुढे वडगाव-खासबागेत यंत्रमाग आले, खड्डा बुजवून त्यावर फरशी घातली. धोटे, फण्या, कांड्यांची (सूत गुंडाळायच्या नळ्यांची) टोपली माळ्यावर गेली. आत्या लग्न होऊन आल्या तेव्हा दिवसभर कांड्या भरायच्या. टोपली खाली आणली तर त्यांनी एक कांडी उचलून बोटांत फिरवली आणि सूत कसं ताणायचं ते लेकीला दाखवायला बसल्या. तासभर आवरणं थांबलं. थांबू दे. असल्या वस्तूंना मी एकच अट घातली: तिच्याबद्दल सांगणारं माणूस घरात हवं आणि ते सांगणं आत्ताच लिहून ठेवायचं. एक धोटा आणि चार कांड्या घेतल्या, सोबत वहीत आत्यांच्या तोंडचं सगळं. बाकीचं लाकूड त्यांनी चुलीत घालू दिलं नाही. वडगावात हातमागावर अजून बसणारे एक काका आहेत, ते फण्या बघून हरखले. तीन त्यांच्या मागाला बसतील म्हणाले.

टेम्पो पुढच्या आठवड्यात ठरलाय. अजून एक मोठं पितळी पातेलं आणि घंगाळ राहिलंय. दोन्ही जाड आहेत, मोडीत घालायला जीव होत नाही आणि न्यायला जागा नाही. शहापूर-वडगाव भागात कुणाच्या घरी कार्य असेल, किंवा एखाद्या देवळाला महाप्रसादासाठी लागत असेल, तर येऊन घेऊन जावा. पैसे नकोत. फक्त पातेल्याला कल्हई करून घ्यावी लागेल.